झॅबिक्सचे मेसेज फार येतात म्हणून अ‍ॅक्शन बंद करू नका, मेंटेनन्स लावा

आमच्याकडून झॅबिक्स, म्हणजे सर्व्हर-स्विचवर नजर ठेवून बिघाड झाला की मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर, बसवून घेतलेल्या सगळ्या कस्टमरसाठी हे लिहितोय. गेल्या काही महिन्यांत जे फोन आले त्यातल्या बऱ्याच फोनचं मूळ एकच निघालं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. होस्ट म्हणजे नजर ठेवलेलं प्रत्येक यंत्र, ट्रिगर म्हणजे प्रॉब्लेम कधी धरायचा ती अट, अ‍ॅक्शन म्हणजे प्रॉब्लेम झाल्यावर मेसेज कुणाला जायचा तो नियम, मेंटेनन्स म्हणजे मेसेज थांबवून ठेवायची ठरलेली वेळ, बाकी बसवलं त्या दिवशी दाखवलंय, ते परत सांगत नाही. स्क्रीनवरची नावं ७.० व्हर्जनची आहेत, तुमच्याकडे तेच आहे.

होतं काय, गुरुवारी आपल्या भोसरी पट्ट्यात लाईट जाते. सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो, पण शॉपफ्लोअरचे स्विच, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, वजनकाट्याजवळचा पीसी हे सगळं एका दमात डाऊन होतं आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर पाच मिनिटांत तीस-चाळीस मेसेज पडतात. मग कुणीतरी वैतागून अलर्ट्समध्ये जातं, ट्रिगर अ‍ॅक्शन उघडतं आणि डिसेबल करतं. ग्रुप शांत होतो. लाईट आली की मशीन चालू करायची घाई, माल काढायची घाई, आणि अ‍ॅक्शन तशीच बंद राहते.

एका कस्टमरकडे असंच झालं. गुरुवारी दुपारी अ‍ॅक्शन बंद केली, शुक्रवारी रात्री ११ नंतर ईआरपी (बिल-स्टॉकचं सॉफ्टवेअर) सर्व्हरच्या डी ड्राइव्हने ९० टक्के ओलांडले, डेटाबेसची लॉग फाइल फुगत होती. सोमवारी सकाळी ड्राइव्ह पूर्ण भरली, बिल निघेना, ई-वे बिल निघेना, गेटवर दोन गाड्या माल भरून उभ्या. आम्हाला फोन आला की तुमचा मेसेजच आला नाही. आम्ही लॉगिन करून बघितलं तर प्रॉब्लेम स्क्रीनवर होताच, ड्युरेशनच्या कॉलममध्ये २ दिवस ९ तास दिसत होते. रिपोर्ट्समधला अ‍ॅक्शन लॉग उघडला तर शेवटची ओळ गुरुवारची, तिच्यात एस्कलेशन कॅन्सल्ड, अ‍ॅक्शन डिसेबल्ड असं लिहिलेलं, म्हणजे अ‍ॅक्शन बंद केल्यामुळे पुढचे मेसेज रद्द. ती ओळ टेलिग्रामवरसुद्धा आली होती, चाळीस मेसेजच्या खाली कुणाला दिसली नाही.

आता नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. अ‍ॅक्शन कुठली लागू होते हे प्रॉब्लेम तयार होतो त्या क्षणी ठरतं. त्या वेळी अ‍ॅक्शन बंद असेल तर त्या प्रॉब्लेमचा मेसेज नंतर कधीच येत नाही, तुम्ही दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्शन चालू केली तरी मधल्या काळातले प्रॉब्लेम ग्रुपवर येणार नाहीत, ते फक्त स्क्रीनवर लाल होऊन पडून राहतात. मेंटेनन्सचं तसं नाही. मेंटेनन्समध्ये मेसेज थांबवून ठेवला जातो, आणि वेळ संपल्यावरही प्रॉब्लेम तसाच असेल तर तेव्हा पाठवला जातो. म्हणजे लाईट आल्यावर एखादा स्विच उठलाच नाही तर तुम्हाला कळतं, जे आपोआप उठले त्यांचा त्रास होत नाही. फक्त अ‍ॅक्शनमध्ये पॉज ऑपरेशन्स फॉर सप्रेस्ड प्रॉब्लेम्स ही टिक आहे ती काढू नका, मेंटेनन्समधले मेसेज तीच थांबवून ठेवते, आम्ही मुद्दाम ठेवलीय.

लावायचं असं. डेटा कलेक्शन, मग मेंटेनन्स, नवीन पिरियड. टाइप विथ डेटा कलेक्शनच ठेवा म्हणजे ग्राफमध्ये खड्डा पडत नाही. पिरियड वीकली, वार गुरुवार, सुरुवात सकाळी ९, लांबी ८ तास. होस्ट ग्रुपमध्ये आम्ही विना यूपीएस नावाचा ग्रुप करून दिलाय तोच घ्या, सर्व्हरचा ग्रुप घेऊ नका, सर्व्हरचे मेसेज गुरुवारीसुद्धा यायला पाहिजेत. आणि सगळ्यात वर अ‍ॅक्टिव्ह सिन्स आणि अ‍ॅक्टिव्ह टिल अशा दोन तारखा असतात त्या बघितल्याशिवाय सेव्ह करू नका. टिलमध्ये आपोआप दुसऱ्या दिवसाची तारीख येते, लोक ती तशीच ठेवतात, मग पहिला गुरुवार बरोबर जातो आणि पुढच्या गुरुवारी परत चाळीस मेसेज, आणि फोन येतो की मेंटेनन्स चालत नाही. तिथे ३१ मार्च टाका, एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) रिन्यू करताना आम्ही ती तारीख पुढे ढकलून देतो. रविवारी सर्व्हरला रॅम टाकायचीय, फर्मवेअर मारायचंय असं एकदाचं काम असेल तर वन टाइम ओन्ली निवडा, एवढंच.

बरं, मूळ त्रास मेसेज फार येतात हा आहे आणि तो खरा आहे, त्यावर आमचं काम आहे ते आम्ही करतो. डिपेंडन्सी लावतो, म्हणजे मेन स्विच पडला तर त्याच्या मागच्या वीस होस्टचे वेगळे मेसेज न येता एकच येतो. हे चालायला मेन स्विचचा प्रॉब्लेम आधी कळावा लागतो, म्हणून त्याला दर ३० सेकंदांनी पिंग असतो आणि मागच्यांचा ट्रिगर ३ मिनिटं उत्तर नाही आलं तरच उडतो. कृपया ते ३ मिनिटांचं १ मिनिट करू नका, लवकर कळेल असं वाटतं पण डिपेंडन्सी हुकते. सीपीयूचंही तसंच, रात्री २ ला बॅकअप चालू झाला की सीपीयू १०० ला जाणारच, त्यामुळे आम्ही सलग १० मिनिटं वर राहिला तरच ट्रिगर उडेल असं ठेवतो. ड्राइव्हला ९० वर प्रॉब्लेम आणि ८५ च्या खाली आल्यावर रिकव्हरी, नाहीतर ८९ आणि ९० च्या मध्ये रात्रभर आलं-गेलं, आलं-गेलं चालू राहतं. नवीन मशीन, नवीन स्विच आणला की आम्हाला एक मेसेज टाका, डिपेंडन्सी लावून देतो, एएमसीमध्ये त्याचे पैसे नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर का देत नाही हा प्रश्न रोज येतो. अधिकृत मार्गाने द्यायचं तर बिझनेस अकाउंट लागतं, मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि पाठवण्याचे पैसे पडतात. तुमचाच नंबर लिंक करून जुगाड करणारे आहेत, पण तसा नंबर ब्लॉक होऊ शकतो आणि त्याच नंबरवर तुमच्या पार्ट्या असतात, म्हणून आम्ही ते करत नाही. एसएमएस देतो पण फक्त डिझास्टर, म्हणजे सगळ्यात गंभीर लेव्हलला, कारण डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांकडची एसएमएसची नोंदणी) मंजूर झालेल्या साच्याबाहेरचा मजकूर जातच नाही. तोही इंग्रजीत ठेवतो, इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात आणि मराठीत ७०, त्यात काना-मात्रा वेगळे मोजले जातात. टेलिग्राम फुकट आहे आणि मराठी छान चालतं. नवीन माणूस जोडताना त्याने आधी बॉटला स्टार्ट करायचं, नाहीतर बॉट त्याला मेसेज पाठवू शकत नाही. ग्रुपचा सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठ्या ग्रुपचा प्रकार) झाला तर ग्रुपचा आयडी बदलतो आणि मेसेज फेल व्हायला लागतात, तेव्हा ग्रुपच्या सेटिंगमध्ये काही बदललं तर सांगा.

मेसेजचा मजकूर तुम्ही बदलू शकता, अवश्य बदला. फक्त तो दोन ठिकाणी असतो, मीडिया टाइपच्या (टेलिग्राम, एसएमएस असा पाठवायचा मार्ग) टेम्पलेटमध्ये आणि अ‍ॅक्शनमधल्या कस्टम मेसेजमध्ये, आणि कस्टमची टिक असेल तर तोच जातो. टेम्पलेट बदलला तरी काही बदललं नाही असं म्हणणाऱ्यांनी तिथे बघा. पहिली ओळ छोटी ठेवा, फोन लॉक असताना तेवढीच दिसते. आम्ही अशी ठेवतो, सुरुवातीला प्रॉब्लेम किती गंभीर ते: हाय, ईआरपी सर्व्हर, डी ड्राइव्ह ९१ टक्के. आयपी, वेळ, कुणाला फोन करायचा हे सगळं खाली.

मालकांना मेसेज उशिरा येतो ही पण एक तक्रार असते. आम्ही पहिल्या स्टेपला तुमच्या आयटीवाल्या मुलाला पाठवतो, १५ मिनिटांत त्याने अ‍ॅक्नॉलेज केलं नाही, म्हणजे बघितल्याची नोंद केली नाही, तरच मालकांना. हे मुद्दाम आहे, सगळ्यांना सगळं गेलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. तुम्ही स्वतः स्टेप वाढवलीत तर स्टेप ड्युरेशन बघा, काही न भरता ठेवलं तर ते १ तास असतं.

सर्व्हिस आपोआप रीस्टार्ट करा असं बरेच जण मागतात. प्रिंट स्पूलरला (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) आम्ही लावून देतो, डेटाबेसला नाही लावत. ड्राइव्ह भरल्यामुळे डेटाबेस अडकला असेल तर रीस्टार्टने ड्राइव्हवर जागा मोकळी होत नाही, उलट डेटाबेस वर यायला अजून वेळ घेतो आणि मूळ कारण झाकलं जातं. एजंटच्या (प्रत्येक सर्व्हरवर बसवलेला झॅबिक्सचा छोटा प्रोग्राम) फाइलमध्येही आम्ही ठराविक कमांडलाच परवानगी देतो, सगळ्या कमांड मोकळ्या केल्या तर झॅबिक्समध्ये घुसलेला माणूस तुमच्या प्रत्येक सर्व्हरवर काहीही चालवू शकतो. रीस्टार्टची स्टेप १ ते १, म्हणजे एकदाच, असू द्या. एकाने तिथे १ ते ० केलं होतं, शून्य म्हणजे प्रॉब्लेम संपेपर्यंत चालूच, ती सर्व्हिस दर मिनिटाला रीस्टार्ट होत होती आणि उभीच राहत नव्हती.

एएमसीवाल्यांकडे आम्ही दर तीन महिन्यांनी येऊन एक स्विच मुद्दाम काढतो आणि मेसेज कुणाकुणाला, किती मिनिटांत पोचला ते तुमच्यासमोर लिहून देतो. एएमसी नसलेल्यांनी हे स्वतः करा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि आज हे वाचून झालं की अलर्ट्समध्ये जाऊन तुमच्या अ‍ॅक्शनसमोर हिरवं एनेबल्ड दिसतंय का तेवढं बघा. लाल असेल तर चालू करा आणि मग प्रॉब्लेम्सची स्क्रीन उघडून मधल्या दिवसांचं जे पडून आहे ते वरपासून खालपर्यंत वाचा, त्याचे मेसेज आता येणार नाहीत. काही कळलं नाही तर स्क्रीनचा फोटो पाठवा, आम्ही सांगतो.