कामगारांना शिकवायचे कोणी? मराठवाड्यापुरती पार्श्वभूमी

निजामी काळ इथे थोडक्यात आटोपता येतो. नांदेड आणि औरंगाबादच्या कापड गिरण्या सोडल्या तर 1948 पर्यंत मराठवाड्यात कारखान्यातला कामगार मोजकाच होता. कचेरीचा कारभार उर्दूत चालत असल्याने मराठी घरातल्या माणसाला सरकारी कागद परकाच राहिला. आधी औरंगाबादजवळ चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि ऐंशीच्या दशकात वाळूज भरत गेले, तेव्हा शेतातून थेट शिफ्टला लागलेली पिढी संघटनेत आली.

तोवर एक निर्णय होऊन गेला होता, आणि त्याचा वाद अजून मिटलेला नाही. केंद्राने 1958 मध्ये कामगार शिक्षणासाठी मंडळ नेमले, मुख्यालय नागपूरला. त्यात सरकार, मालक आणि संघटना असे तिघेही. संघटनेने आपल्यातला एक जण सुचवायचा, मालकाने पगार चालू ठेवून त्याला सोडायचे, मंडळाने त्याला कामगार शिक्षक म्हणून तयार करायचे आणि परत येऊन त्याने सहकाऱ्यांचे वर्ग घ्यायचे. रचना नीटनेटकी होती आणि तिच्यामुळे हजारोंना कायद्याची तोंडओळख झाली, हेही खरे. पण माणूस सोडायचा की नाही हे व्यवस्थापनाच्या हाती असेल, तर संप, वेतनकरार, कंत्राटी पद्धत हे विषय वर्गात कितपत मोकळेपणाने निघणार? हे काम संघटनांनीच चालवावे, अशी शिफारस कामगारविषयक पहिल्या राष्ट्रीय आयोगाने 1969 च्या अहवालात केली होती. ती मानली गेली असती तर मराठवाड्यासारख्या, संघटना नव्यानेच रुजत असलेल्या भागाला सर्वांत जास्त फायदा झाला असता.

कारण इथे शिकण्याची निकड हातात पडलेल्या कागदातून येते. चार्जशीट, म्हणजे व्यवस्थापनाचे आरोपपत्र, मिळाली की ती वाचता यायला हवी, स्थायी आदेशातले, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांतले, कलम शोधता यायला हवे, चौकशीत सोबत्याची बाजू मांडता यायला हवी. स्थायी आदेश बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेतही लावले पाहिजेत, असे 1946 चा कायदा सांगत होता. साहेबासमोर मान खाली घालून उभा राहणारा माणूस तेच कलम बोट ठेवून वाचून दाखवतो, तेव्हा त्याचा आवाज बदलतो. अभ्यासवर्गाचे खरे काम हेच.

लातूर, जालन्याच्या मोंढ्यातल्या हमालांना 1969 च्या माथाडी कायद्याचा आधार तरी आहे. बीडच्या ऊसतोड कामगाराचा हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत असतो. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, किती आणि फिटली किती हे स्वतः मांडता येणे हाच त्याचा पहिला धडा, आणि तो वर्ग कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, गावी असतो त्या पावसाळ्यातच भरू शकतो.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेश लागू होण्याची केंद्रीय कायद्यातली मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर नेली. वाळूजमधल्या लहान पुरवठादार कारखान्यांत त्यामुळे कलम दाखवायला कागदच उरत नाही. तिथल्या कंत्राटी पोरांना नेमणूकपत्र आणि पगारपावती यांवरूनच शिकवावे लागणार आहे.