बेडूक मरून परत जिवंत होत नाही बरं का
अलास्का-कॅनडातला वूड फ्रॉग थंडीत मरतो आणि बर्फ वितळला की जिवंत होतो, हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. मरत नाही हो! हृदय थांबतं, अंगातलं साधारण ६५ टक्के पाणी गोठतं हे खरंय, पण तो बर्फ पेशींच्या बाहेर असतो. कातडीवर बर्फ धरला की काही मिनिटांत लिव्हरमधल्या ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज या एन्झाइमला (म्हणजे शरीरातली रासायनिक कामं उरकणाऱ्या प्रथिनाला) फॉस्फेट चिकटतो, यालाच फॉस्फोरिलेशन म्हणायचं, आणि ते झटक्यात चालू होऊन साठवलेल्या ग्लायकोजेनचं, म्हणजे लिव्हरमधल्या साखरेच्या साठ्याचं, ग्लुकोज करत सुटतं, इतकं की माणूस असता तर शुगरच्या डॉक्टरांनी हात टेकले असते. बाहेरच्या बर्फामुळे पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जातं, पण ही साखर पेशींना पार आकसून जाऊ देत नाही. नवीन एन्झाइम बनवत बसायला वेळ कुठंय, आहे त्याचंच बटण दाबायचं.