बाप्तिस्मा, जात आणि १९५०चा आदेश

बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी. त्याच्या तयारीत बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रे वाचली जातात. जुना मनुष्य टाकून द्या, नवा धारण करा. ख्रिस्ताच्या ठायी यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र हा भेद नाही. माणसाची ओळख जन्मावरून नव्हे, विश्वासावरून ठरते आणि त्या विश्वासाची पारख वागण्यातून होते, असा हा आग्रह आहे. भारतात आल्यावर त्याची गाठ जातीशी पडली.

गाठ सुटली नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात बामण, चार्दो आणि सुदीर हे जातिभेद धर्मांतरानंतर शतके टिकले. वसईत सामवेदी आणि वाडवळ ही ओळख आजही सांगितली जाते. जात तत्काळ सोडा, असे पत्र बिशपांनी १८३३ मध्ये दक्षिणेतल्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांना, धाडले, तेव्हा तंजावरकडच्या कित्येक कुटुंबांनी जात सोडली नाही, मंडळी सोडली. चर्चमधल्या उपासनेत एकाच प्याल्यातून प्रभुभोजनाचा द्राक्षारस घेणे ही त्या काळची खरी कसोटी होती. तिथे प्रश्न कोणी काय मानतो हा नव्हता. कोण कोणाच्या ओठांनंतर प्याला लावतो, हा होता.

आजचा वाद मात्र त्या प्याल्यापाशी नाही, एका सरकारी कागदापाशी आहे. ब्रिटिश सरकारने १९३६ मध्ये अनुसूचित जातींची यादी काढली, तेव्हाच भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला त्यातून वगळले होते. राज्यघटना आल्यावर १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीबाहेर ठेवले. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले.

या वगळण्याचा मुख्य आधार मंडळीच्याच शिकवणुकीतून घेतला गेला: ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, मग ख्रिस्ती माणसाला जात कुठली? विधान श्रद्धेचे आहे आणि ते खरे मानूनच लोक पाण्यात उतरले. पण गावाने ते कधी मानले? बाप्तिस्मा झाला म्हणून घर गावकुसाबाहेरून आत आले नाही, आडनाव बदलले नाही, सोयरीक जमवताना विचारला जाणारा पहिला प्रश्नही बदलला नाही. माणूस काय झाला हे शासनाने धर्मशिकवणुकीवरून ठरवले. शेजाऱ्यांनी त्याला कसे वागवले हे तपासलेच नाही.

म्हणूनच १९८५ चा एक खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. तमिळनाडू सरकार रस्त्याकडेला बसून काम करणाऱ्या अनुसूचित जातींतल्या चांभारांना मोफत टपऱ्या देत होते. एका ख्रिस्ती चांभाराला टपरी नाकारली गेली. काम तेच, जागा तीच, जातही तीच, फक्त प्रार्थना वेगळी. धर्मांतरानंतरही तितकीच तीव्र अवहेलना नव्या समाजात सोसावी लागते, याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाने मागितला. तो पुरेसा नाही म्हणून दाद मिळाली नाही. म्हणजे पुरावा द्यायचा तो ज्याला टपरीही परवडत नाही त्याने.

२००७ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने तिसरा परिच्छेद काढून टाकावा अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. २०२२ मध्ये केंद्राने याच प्रश्नावर नवा आयोग नेमला. महाराष्ट्रात अशी कुटुंबे इतर मागासवर्गात मोडतात, पण राखीव मतदारसंघ आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्यांना नाही.

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पुदुच्चेरीच्या एका तरुणीचे प्रकरण आले. तिने नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दावा केला होता. तान्हेपणी झालेल्या बाप्तिस्म्याची चर्चच्या वहीतली नोंद आणि तिचे चर्चला जाणे तिच्याविरुद्ध धरले गेले. श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणे ही घटनेची फसवणूक आहे, असे न्यायालय म्हणाले. त्या तत्त्वाशी माझे भांडण नाही, कारण प्रामाणिकपणावाचून ख्रिस्ती शीलच उरत नाही. पण हाच प्रामाणिकपणा इथे महाग पडतो. जो उघडपणे साक्ष देतो, रविवारी मंडळीत बसतो, तो दाखला गमावतो. घरी बायबल वाचून कागदावर हिंदू राहणाऱ्याचे काही जात नाही.

२०२५ मध्ये आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयात एका पाळकाची (ख्रिस्ती धर्मगुरूची) तक्रार आली. जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाली, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्याकडे अनुसूचित जातीचा दाखलाही होता. पण तो पाळक म्हणून काम करतो, सबब त्याला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेता येणार नाही, असा निकाल लागला.