घरच्या रंध्याखालची स्की

अग्निशमन दलाने बाद केलेला होज, म्हणजे पाण्याचा लवचिक पाइप, लोखंडी गर्डरांची चौकट आणि एक एअर कॉम्प्रेसर. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात आपली स्की, म्हणजे बर्फावर घसरायला पायांना बांधायची लांब फळी, आपणच बनवणाऱ्या छांदिष्टांच्या गॅरेजमध्ये हा संच बऱ्याचदा दिसतो. होजची दोन्ही टोकं बंद करायची, तो चौकटीत साच्यावर पसरायचा आणि हवा भरायची. होज फुगू पाहतो, चौकट त्याला फुगू देत नाही, आणि सगळा जोर साच्यावर रचलेल्या स्कीच्या थरांवर येऊन ते एकमेकांना चिकटतात. हीच प्रेस. स्की १८० सेंटिमीटर लांब व सरासरी १० सेंटिमीटर रुंद धरली आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो ठेवला, तर तिच्यावर पाच टनांहून जास्त भार पडतो. म्हणून या छंदात स्कीच्या आधी प्रेस बनवावी लागते, आणि ती मजबूत नसेल तर पुढचं सगळं वाया जातं.

दुकानात चांगली स्की मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असं वाटणं साहजिक आहे. पण स्की मुळात घरचीच वस्तू. कारखान्यात ती गेली ती जेमतेम गेल्या सव्वाशे वर्षांत. त्याआधीची काही हजार वर्षं ती ज्याची त्याने, किंवा गावातल्या एखाद्या हातगुणी माणसाने, झाडापासून ताशलेली होती.

रशियाच्या उत्तर भागात सिंदोर सरोवराजवळच्या दलदलीत लाकडी स्कींचे तुकडे सापडले, ते सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एकाच्या टोकाला खालच्या अंगाने एल्क हरणाचं डोकं कोरलेलं आहे. ती नुसती नक्षी नव्हे. चढावर स्की मागे घसरू नये म्हणून ते डोकं बर्फात अडकत असणार, असं अभ्यासक मानतात. स्वीडनमधल्या काल्वत्रेस्क इथे १९२४ मध्ये मिळालेली जोडी सुमारे ५,२०० वर्षांची आहे, आणि तिच्याबरोबरची काठी फावड्यासारखी आहे. नॉर्वेतल्या डिगरवार्डन इथे २०१४ मध्ये वितळत्या बर्फातून एक स्की वर आली. तिची जोडीदार सापडायला २०२१ उजाडलं. वय सुमारे १,३०० वर्षं, लांबी १८७ सेंटिमीटर, रुंदी १७ सेंटिमीटर. पाय बांधायला बर्चच्या पिळलेल्या फांद्या आणि चामड्याचा पट्टा. ती कुणीतरी डागडुजी करत वापरलेली आहे, आणि मला त्या जोडीतलं सर्वांत बोलकं तेच वाटतं.

खुद्द शब्दातही सुतारकाम आहे. ‘स्की’ हा जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘स्कीद’वरून आला. अर्थ, लाकूड फोडून काढलेला तुकडा. फोडणे-चिरणे या अर्थाच्या ज्या प्राचीन मुळाशी भाषाशास्त्रज्ञ तो जोडतात, त्याच कुळात संस्कृतातला ‘छिद्’ आहे. म्हणजे आपला ‘छेद’ आणि बर्फावरची स्की दूरची भावंडं ठरतात. आणि ‘फोडलेलं’ हा अर्थ कारागिरासाठी महत्त्वाचा आहे. ओंडका पाचर घालून फोडला की लाकूड आपल्या तंतूंच्या रेषेने उलगडतं आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. करवत रेषा कापत जाते. जिथे रेषा कापली गेली तिथे स्की मोडायची. अल्ताई पर्वतातले तुवा लोक आजही स्प्रूसच्या फळ्या हाताने ताशतात आणि खाली घोड्याचं कातडं केस मागे वळतील असं लावतात. पुढे जाताना केस निजतात, मागे घसरताना उभे राहून बर्फ धरतात.

एकोणिसाव्या शतकात या कामाला खरी धार आली ती नॉर्वेच्या टेलेमार्क भागात. तिथल्या मॉर्गेदालचा सोंद्रे नोरहाइम (१८२५–१८९७) हा गरीब कूळ-शेतकरी. त्याने स्की मधोमध अरुंद केली, म्हणजे तिला कंबर दिली, त्यामुळे ती कलली की आपसूक वळू लागली. टाच धरायला लवचिक फांद्यांचा पिळा बांधला. १८६८ मध्ये क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, ४२ व्या वर्षी त्याने स्पर्धा जिंकली. याच भागातल्या कारागिरांनी स्कीला मधे हलकी कमान दिली, म्हणजे माणूस उभा राहिल्यावर वजन फक्त पायाखाली न साचता पूर्ण लांबीवर पसरतं. कंबर आणि कमान हे दोन शब्द आजही घरगुती बांधणाऱ्याच्या कागदावर सगळ्यात आधी उतरतात.

टेलेमार्कहूनच लहानपणी अमेरिकेत गेलेल्या यॉन तॉर्स्टाइनसन रुए याला लोक ‘स्नोशू थॉम्पसन’ म्हणत. गावाकडच्या आठवणीवर भिस्त ठेवून त्याने कॅलिफोर्नियात ओकच्या स्की घडवल्या, जवळपास १० फूट लांब आणि ११ किलोंच्या आसपास वजनाच्या. १८५६ पासून वीस हिवाळे त्याने सिएरा नेवाडा ओलांडून प्लेसरव्हिल ते जेनोआ टपाल नेलं. अंतर सुमारे १४५ किलोमीटर, जायला तीन दिवस, यायला दोन. या कामाचा मोबदला सरकारने त्याला कधीच दिला नाही.

कारखानेही सुतारांच्या हातूनच उभे राहिले. फ्रान्समध्ये व्हुआरोंच्या आबेल रोसिन्योलकडे कापडगिरण्यांना लागणारं लाकडी सामान बनायचं, १९०७ मध्ये त्याने स्की घडवली. ऑस्ट्रियात योझेफ फिशर गाडे बनवणारा. त्याने १९२४ मध्ये सुरुवात केली. अमेरिकेतून येणारं हिकरीचं चिवट लाकूड, १९२०च्या दशकात साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने लावलेल्या स्टीलच्या कडा आणि १९३०च्या दशकातल्या थर चिकटवलेल्या स्की यांनी धंदा झपाट्याने वाढवला. अखंड लाकूड ओलं होऊन पिळवटतं. उलटसुलट रेषांचे थर एकमेकांना आवरतात. मात्र ओल सोसणारा गोंद हाती येईपर्यंत हे जमत नव्हतं. स्लोव्हेनियात दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात रुडी फिन्झगारने चेर्क्नो भागातल्या छोट्या कार्यशाळेत पार्टिझन, म्हणजे गनिमी, सैनिकांसाठी स्की बनवल्या. १९४५ मध्ये त्यातून बेगुन्ये इथे एलान ही स्की कंपनी उभी राहिली.

आजच्या घरगुती प्रेसचा थेट पूर्वज मात्र बाल्टिमोरचा हॉवर्ड हेड. हा ग्लेन मार्टिन विमान कंपनीतला अभियंता. १९४७ मध्ये तो व्हरमाँटला स्की करायला गेला आणि लाकडी स्की त्याला जड आणि अडाणी वाटली. विमानात वापरतात तसं सँडविच त्याने करून पाहिलं: वर-खाली ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मधे हलका गाभा. वाकताना वरचा पत्रा आखडतो, खालचा ताणला जातो, आणि गाभ्याने फक्त दोघांना एकमेकांपासून लांब धरायचं. चिकटवण्यासाठी तो सगळा ऐवज रबरी पिशवीत घालून आतली हवा उपसून काढायचा आणि तापलेल्या तेलात बुडवायचा. पहिल्या सहा जोड्या व्हरमाँटमधल्या स्टो इथल्या स्की-प्रशिक्षकांनी वाकवून पाहिल्या आणि सगळ्या मोडल्या. तो नव्या बनवून पाठवत राहिला, प्रशिक्षक मोडत राहिले. प्लायवूडचा गाभा, अखंड स्टीलची कड आणि प्लॅस्टिकचा तळ जमून १९५० मध्ये विकण्याजोगी स्की झाली. पुढे पत्र्याच्या जागी काचतंतू आले, तळाला पॉलिथिलीन आलं, आणि साचे इतके महाग झाले की घरच्या माणसाचा या कामाशी संबंध तुटला.

तो पुन्हा जुळला स्नोबोर्डमुळे, म्हणजे दोन्ही पाय ठेवायच्या एकाच रुंद फळीमुळे. १९६३ मध्ये न्यू जर्सीत टॉम सिम्सने शाळेच्या कार्यशाळेत बर्फावरची फळी केली. १९६५च्या नाताळात मिशिगनच्या मस्कीगनमध्ये शर्मन पॉपेनने दोन स्की शेजारीशेजारी जोडून मुलींसाठी ‘स्नर्फर’ केला. १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटरने व्हरमाँटच्या लंडनडेरीत बोर्ड बनवायला घेतले. विकत मिळतच नव्हतं, म्हणून या लोकांनी केलं. बोर्ड बनवता आला की स्की दूर नसते. थर तेच, साचा अरुंद.

दोन आकारांनी यात मोठी भर घातली. एलानच्या युरिय फ्रांको आणि पावेल श्कोफित्स यांनी कंबर खूप बारीक केली, ती ‘एससीएक्स’ स्की १९९३ मध्ये आली आणि वळण्याचं तंत्रच बदललं. दुसरा आकार शेन मॅकॉन्की या स्कीपटूचा. भुसभुशीत बर्फ पाण्यासारखा वागतो, मग स्कीही पाण्यावरच्या स्कीसारखी का नको, या विचाराने त्याने पायाखाली सर्वांत रुंद आणि उलट्या कमानीची स्की कल्पिली. व्होलांट कंपनीची ‘स्पॅट्युला’ ती, २००२ च्या सुमाराची. सगळे नियम उलटे करूनही स्की चालते, हे दिसल्यावर स्वतःचा आकार आजमावण्याची हौस वाढणारच होती. कंपनीला नवा आकार म्हणजे नवा महागडा साचा. घरी तो प्लायवूडच्या कापलेल्या बरगड्यांचा बनतो.

आत काय जातं हे सांगितलं की इतिहास एकाच जागी दिसतो. तळाला पॉलिथिलीन, भोवती स्टीलची कड, कडेवर धक्का जिरवणारी रबराची पट्टी, मग एपॉक्सी या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात भिजवलेलं काचतंतूचं कापड, मेपल किंवा ॲशच्या पट्ट्या चिकटवून केलेला गाभा, पुन्हा कापड आणि वरचा पापुद्रा. गाभा टोकांना जेमतेम २ मिलिमीटर आणि पायाखाली १० ते १२. मधल्या उतारात रंधा अर्धा मिलिमीटर जास्त चालला तरी स्की वेगळीच वाकते, कारण कडकपणा जाडीच्या जवळपास घनाने बदलतो. हे हाताला कळायला दोन-तीन जोड्या जाव्या लागतात. एपॉक्सी हाताळताना हातमोजे आणि काचतंतू घासताना मास्क लागतोच. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही तेही स्की बनवतात. अफगाणिस्तानात, जिथल्या बुद्धमूर्ती २००१ मध्ये फोडल्या गेल्या त्या बामियानच्या उतारांवर, मुलं फळ्या, दोऱ्या आणि हाताशी येईल त्या सामानातून जोडी तयार करून घसरतात. डिगरवार्डनच्या माणसाला ती जोडी बघताक्षणी कळली असती.