बिग बॉसच्या घरात घड्याळ का नसतं?

रिअॅलिटी शो म्हटलं की आपण सगळं एकाच टोपलीत टाकतो, गाण्याची स्पर्धा, डान्स, केबीसी, बिग बॉस, सगळंच. खरं तर केबीसी हा गेम शो, तिथे उत्तर बरोबर की चूक एवढाच प्रश्न. अमेरिकेत 1950 च्या दशकात क्विझ शोवाले आवडत्या स्पर्धकांना आधीच उत्तरं पढवतात हे बाहेर आलं, मोठा राडा झाला आणि 1960 ला कायदा करून असली सेटिंग गुन्हा ठरवली गेली. पण माणसं घरात कोंडून त्यांची भांडणं दाखवायची, यात चीटिंग कशाला म्हणणार?

'सगळं स्क्रिप्टेड असतं' हे मला तरी अर्धवट वाटतं. डायलॉग लिहून द्यायची गरजच काय, घड्याळ काढून घेतलं, फोन काढून घेतला की निम्मं काम होतं. 1962 मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच संशोधक आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोनेक महिने राहिला, बाहेर आला तेव्हा तारीख होती 14 सप्टेंबर आणि याच्या हिशोबाने अजून 20 ऑगस्टच चालू होता! आणि तो तर एकटा होता बिचारा. इथे डझनभर अनोळखी माणसं, रेशन तुटपुंजं, लाइट कधी जाणार आणि सकाळी गाणं कधी वाजणार ते दुसऱ्याच्या हातात. अशात झोपमोड झालेला माणूस चहाच्या साखरेवरून भडकला तर तो राग शंभर टक्के खरा असतो, फक्त साखर कमी का पडली ते कोणीतरी आधी बसून ठरवलेलं असतं.

पुढचा खेळ एडिटला. दिवसरात्र चालू असलेल्या ढीगभर कॅमेऱ्यांचं फुटेज, त्यातून आपल्याला दिसतो जाहिराती धरून तासाभराचा एपिसोड, मग कशाच्या शेजारी काय लावायचं यावर सगळं ठरतं. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला जोडून दाखवला आणि एकदा शवपेटीला, तर लोकांना आधी त्यात भूक दिसली, मग दुःख दिसलं. मी एकदा गोरेगावला फिल्म सिटीत गाण्याच्या एका शोला पब्लिक म्हणून बसले होते, तिथे स्टेजवर कोणी यायच्या आधीच फ्लोअरवरचा मुलगा ओरडत होता, 'आता टाळ्या, आता हसा, आता जरा इमोशनल', आणि माझ्या शेजारच्या काकूंनी असा काही पदर डोळ्याला लावला की मलाच वाटलं काहीतरी झालं घरी. ते डोळे पुढे कुठल्या गाण्याला चिकटले देव जाणे.

बाइटचं, म्हणजे स्पर्धक कॅमेऱ्यासमोर जे बोलतात त्या तुकड्यांचंही तेच, सोमवारचं अर्धं वाक्य आणि गुरुवारचं अर्धं जोडता येतं. आवाज सलग चालू आहे पण बोलणाऱ्याचं तोंड सोडून मध्येच दुसऱ्याचाच चेहरा आला, तर तिथे बऱ्याचदा सांधा असतो.

पण हे सगळं कळून फरक पडतो का? आमच्या लेडीज डब्यात एक मैत्रीण अंधेरीला 'सगळं फेक असतं गं' म्हणते आणि बोरिवली यायच्या आत 'पण ती बाई मुळातच कजाग' असं सर्टिफिकेटही देऊन टाकते. 1967 मध्ये जोन्स आणि हॅरिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. लिहिणाऱ्याला बाजू नेमून दिली होती, त्याच्या मनाचं ते नव्हतं, हे सांगूनसुद्धा वाचणाऱ्यांना वाटलं की याचं स्वतःचं मत थोडंफार तसंच असणार. माणूस कुठल्या परिस्थितीत अडकलाय ते आपण विसरतो आणि सगळं त्याच्या स्वभावावर ढकलतो. आवडता स्पर्धक 'मनाने किती साधा' वाटतो तोही असाच, पण हे त्या मैत्रिणीला सांगायची माझी हिंमत नाही, विंडो सीट तीच धरून ठेवते.