शेपू : ताज्या पाल्याचा घरगुती वापर

शेपू : (हिं. सोआ, गु. सुवा, क. सब्बसिगे, सं. शतपुष्पा, शताह्वा, लॅ. ॲनेथम ग्रॅव्हिओलेन्स, कुल–एपिएसी). कोथिंबीर, जिरे, ओवा व गाजर यांच्या कुलातील वर्षायू वनस्पती. पाने दोऱ्यासारखी बारीक विभागलेली, फुलोरा छत्रीच्या आकाराचा व पिवळा. ताज्या पाल्याला शेपू व वाळलेल्या फळांना बाळंतशेप म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः पाल्याविषयी आणि मुंबईतील घरगुती वापराच्या संदर्भात आहे.

नाव व ओळख यांविषयी घोळ जुना आहे. संस्कृत ग्रंथांतील ‘शतपुष्पा’ म्हणजे शेपू की बडीशेप, यावर टीकाकार व निघंटुकार (वनौषधींचे कोश रचणारे) एकमताचे नाहीत. दोन्ही वनस्पतींची पाने व फुलोरे सारखे दिसतात. शिवाय मराठीत बडीशेप, बाळंतशेप व शेपू ही तिन्ही नावे एकाच ‘शेप’ शब्दाभोवती फिरतात. काश्यपसंहिता या प्राचीन आयुर्वेद ग्रंथात शतपुष्पा व शतावरी यांवर एक स्वतंत्र कल्प (प्रकरण) असून त्याचा रोख स्त्रियांच्या आरोग्याकडे आहे. बाळंतिणीला बाळंतशेप देण्याच्या प्रथेशी तो जुळतो, म्हणून तेथे शेपू अभिप्रेत असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशानेही ‘शताह्वा’ हे नाव शेपूच्या फळाला व ‘मिश्रेया’ हे बडीशेपेला दिले आहे. दुसरा वाद वनस्पतिशास्त्रीय आहे. भारतीय शेपूला ‘ॲनेथम सोवा’ असे वेगळ्या जातीचे नाव दिले गेले होते. त्याची फळे यूरोपीय शेपूपेक्षा अरुंद व फुगीर, कडेचे पंखही अरुंद. फळांच्या तेलातील घटकांपैकी कार्व्होन (बाळंतशेपेच्या वासाचे मुख्य द्रव्य) कमी व डिलॅपिओल अधिक. हे फरक खरे असले, तरी आज बहुतेक अभ्यासक दोन्ही एकाच जातीत धरतात. मूळस्थान भूमध्य समुद्राचा परिसर व पश्चिम आशिया असावे. ईजिप्तमध्ये दुसरा अमेनहोटेप या राजाच्या थडग्यात (सुमारे इ. स. पू. १४००) शेपूच्या काड्या सापडल्या आहेत. भारतात तो केव्हा रुळला, ते नावांच्या वरील घोळामुळे नेमके ठरवता येत नाही.

पाल्याचा वास फळाच्या वासाहून वेगळा असतो. पानांत फेलँड्रीन, डिल ईथर व लिमोनीन ही उडून जाणारी द्रव्ये प्रमुख असतात, तर फळांत कार्व्होनचे महत्त्व मोठे. म्हणून शेपू मिळाला नाही तर त्याजागी बाळंतशेप घालून तोच स्वाद येत नाही. वाळवलेला पालाही गवतासारखा लागतो. शेपू शिजवण्याच्या बहुतेक चुका वास उडून जाण्याच्या या गुणाकडे दुर्लक्ष केल्याने होतात. अनेकांना, विशेषतः मुलांना, शेपू आवडत नाही. भाजी खाल्ल्यावर येणाऱ्या ढेकरांची तक्रार तर घरोघरी असते. पण ही नावड बहुधा एकाच बैठकीत वाटीभर भाजी खाण्याशी बांधलेली आहे. तोच पाला कोथिंबिरीसारखा चमचा-दोन चमचे वापरला, तर पदार्थाची चव बदलते आणि वास वरचढ होत नाही.

निवड व साठवण : मुंबईला पालेभाज्या मोठ्या प्रमाणात नाशिक व पुणे जिल्ह्यांतून, वाशीच्या घाऊक बाजारामार्गे येतात. हिवाळ्यातील जुडी सर्वांत चांगली. पावसाळ्यात पाला आतून सडलेला निघतो, म्हणून जुडीची दोरी सोडवून मध्यभाग पाहावा. फुलोरा धरलेली जुडी भाजीला जून, पण लोणच्याला उत्तम. भाजीसाठी पाने व कोवळ्या काड्या घ्याव्यात. नखाने न तुटणारे देठ टाकून न देता वरणाच्या पाण्यात उकळून काढून घ्यावेत. पाला दोन-तीन पाण्यांतून बुचकळून वर उचलावा. चाळणीत ओतल्यास तळाची माती पुन्हा पानांवर बसते. साठवायचा असेल तर धुऊ नये. मुळे कापून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्यास फ्रिजमध्ये ४–५ दिवस टिकतो. ओला ठेवला की दुसऱ्या दिवशी काळा पडून बुळबुळीत होतो. जास्त दिवसांसाठी बारीक चिरून, तेलात किंवा लोण्यात कालवून बर्फाच्या साच्यात गोठवावा.

भाजी : एका मोठ्या जुडीला (निवडून सुमारे २०० ग्रॅम) पाव वाटी मूगडाळ, ८–१० लसूण पाकळ्या व ३–४ हिरव्या मिरच्या पुरतात. डाळ अर्धा-पाऊण तास भिजवावी. दीड चमचा तेलात ठेचलेला लसूण गुलाबी होऊ द्यावा. करपला तर भाजीला कडसर चव येते. मिरची व निथळलेली डाळ घालून, पाण्याचा हबका मारून ५–६ मिनिटे झाकण ठेवावे. डाळ बोटाने दबली, पण अख्खी राहिली, की मगच शेपू घालावा व झाकण न ठेवता ४–५ मिनिटे परतावा. झाकल्यास पानांतील आम्ले वाफेबरोबर बाहेर न जाता भांड्यातच राहतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो. मीठ शेवटी घालावे. पाला शिजून फार आळतो, आधी अंदाजाने घातलेले मीठ हमखास जास्त होते. डाळ व शेपू एकदमच टाकल्यास डाळ शिजेपर्यंत वास उडालेला असतो. काही घरांत गौरींच्या आगमनाच्या दिवशी शेपूची भाजी व भाकरी यांचा नैवेद्य असतो.

पिठाबरोबर : थालीपीठ, मुटके व धिरडी यांत शेपू चांगला मिळून येतो. दोन वाट्या भाजणीला एक वाटी बारीक चिरलेला पाला पुरे. मीठ लावलेला पाला पाणी सोडतो; म्हणून पीठ भिजवल्यावर लगेच थापावे, नाहीतर गोळा सैल होऊन थालीपीठ फाटते. जाड देठ राहिला तरी तेच होते. तांदळाच्या पिठात शेपू, कांदा व ओले खोबरे घालून केलेली अक्की रोट्टी मुंबईतील कानडी घरांत होते.

कच्चा वापर : मराठी स्वयंपाकात हा सर्वांत उपेक्षित आहे. श्रीखंडासाठी करतात तसा चक्का (एक वाटी), किसून घट्ट पिळलेली काकडी, दोन मोठे चमचे शेपू, अर्धी लसूण पाकळी व मीठ एकत्र करून अर्धा तास ठेवावे. तेवढ्यात वास दह्याच्या स्निग्धांशात उतरतो. काकडी पिळली नाही तर पाणी सुटून सगळे पातळ होते. १०० ग्रॅम मऊ लोण्यात दोन चमचे शेपू व लिंबाची किसलेली साल मिसळली, की लादीपावासाठी उत्तम मस्का तयार होतो. तो गरम उकडलेल्या बटाट्यांवर किंवा तव्यावरून उतरवलेल्या रावसावरही घालता येतो. हिरव्या चटणीत कोथिंबिरीचा चौथा हिस्सा शेपू ठेवावा, निम्मा केल्यास इतर चव दबते.

भात : इराणी पद्धतीच्या शेपू-भातात बाकला नावाच्या शेंगांचे दाणे असतात. त्यांच्या जागी सोललेले पावटे चालतात. पाला भात नव्वद टक्के शिजल्यावर थरांत पसरून मंद आचेवर दहा मिनिटे वाफ द्यावी. सिंधी साईभाजीत पालक व चुका यांच्या जोडीला सोआ व हरभरा डाळ असते. तेथे सगळे घोटले जात असल्याने थोडा शेपू शेवटी वेगळा राखून ठेवणे इष्ट.

खारवलेली काकडी : एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवावे. अर्धा किलो लहान, घट्ट काकड्यांचे फुलाकडचे टोक २–३ मिलिमीटर कापून टाकावे. तेथील विकरांमुळेच (एंझाइमांमुळे) काकडी मऊ पडते. बरणीत तळाशी मूठभर शेपू (असल्यास फुलोऱ्यासह), लसूण व मिरे घालून काकड्या उभ्या रचाव्यात व वर वजन ठेवून पाण्याखाली दाबाव्यात. झाकण सैल ठेवावे, वायू बाहेर पडला पाहिजे. मुंबईच्या उकाड्यात २–४ दिवसांत आंबट होतात, मग लगेच फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पाणी गढूळ होणे हे आंबण्याचे लक्षण आहे. वर आलेली पातळ पांढरी साय काढून टाकावी. रंगीत बुरशी किंवा दुर्गंधी असल्यास बरणीतील सगळे टाकून द्यावे.

औषधी : फळांचे तेल वातहारक मानले जाते, इंग्लंडमध्ये १८५१ मध्ये विल्यम वुडवर्ड यांनी आणलेल्या ग्राइप वॉटर या तान्ह्या मुलांच्या औषधात ते होते. बाळंतशेपेने बाळंतिणीचे दूध वाढते, ही समजूत परंपरेची आहे. तिला प्रयोगांचा आधार तोकडा आहे.

गॅलरीतील लागवड : दुकानातील बाळंतशेप ताजी असल्यास उगवते. ऑक्टोबर ते जानेवारीत २५ सेंमी. तरी खोल कुंडीत पेरावी. सोटमूळ असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावल्यास बहुधा माना टाकते. बी जेमतेम मातीने झाकावे, ८–१२ दिवसांत उगवते. चार-सहा तास ऊन हवे. सुमारे सहा आठवड्यांत काढणी सुरू होते. बाहेरची पाने तोडत गेल्यास एकच कुंडी अनेक आठवडे पुरते. मार्चच्या उन्हात रोपे झपाट्याने फुलोऱ्यावर जातात व पाला कमी होतो. त्या वेळी कोवळे फुलोरे कापून वरील बरणीत घालावेत, उरलेले बियांसाठी ठेवावेत.