नत्रखत : कुंडीबागेतील वापर

हरितद्रव्य व प्रथिने यांच्या घडणीसाठी वनस्पतीला लागणारे नत्र (नायट्रोजन) ज्या खतांतून मुख्यत्वे मिळते, ती नत्रखते होत. मुंबईतील घरची बाग बहुधा खिडकीच्या ग्रिलमध्ये, बाल्कनीत किंवा गच्चीवर कुंड्यांतून उभी राहते; माती मोजकी आणि पाणी तळाच्या भोकातून निघून जाणारे, त्यामुळे शेतीसाठी सांगितलेल्या मात्रा तेथे उपयोगी पडत नाहीत.

युरियात ४६ टक्के, तर अमोनियम सल्फेटात सुमारे २१ टक्के नत्र असते. चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या (आरसीएफ) ‘सुफला १५:१५:१५’ या खतात नत्र, स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅश) प्रत्येकी १५ टक्के असतात. निंबोळी पेंड, शेणखत व गांडूळखत यांत नत्र कमी असले तरी ते सावकाश सुटते, आणि नवख्या माणसाने त्यांपासूनच सुरुवात करणे बरे.

मातीत युरियापासून आधी अमोनियम तयार होतो व जिवाणू पुढे त्याचे नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असल्याने धनभारित अमोनियम त्यांना धरून राहतो. नायट्रेट मात्र ऋणभारित असल्यामुळे पाण्याबरोबर निसटते. मुंबईत पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे मुसळधारेच्या तोंडावर उघड्या कुंडीत घातलेल्या खताचा बराचसा भाग झाडाऐवजी गच्चीच्या पन्हाळीला मिळतो. देशात तयार होणाऱ्या युरियावर निंबतेलाचा लेप २०१५ मध्ये सक्तीचा झाला. त्याने नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावते, पण धो धो पावसापुढे हा उपायही अपुराच ठरतो. उघडीप पाहून, थोडे थोडे खत देणे हाच येथील व्यवहार्य मार्ग होय.

लिटरभर पाण्यात १ ते २ ग्रॅम युरिया विरघळवून ते पाणी आधीच ओलावलेल्या मातीत, खोडापासून दूर घालावे. कोरड्या मातीत दाणे टाकल्यास मुळे करपतात. नत्र कमी पडल्यास खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात. कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी होत असतील, तर दोष बहुधा लोहाच्या कमतरतेचा असतो आणि युरियाने तो जात नाही. नत्र जास्त झाल्यास जास्वंद, मोगरा नुसते पानांनी माजतात, फुले रोडावतात व लुसलुशीत शेंड्यांवर मावा ही रस शोषणारी कीड पडते. माठ, मेथी, अळू यांना नत्र मानवते. वाल, घेवड्याला मुळांवरील गाठींतील जिवाणूंमुळे ते वेगळे द्यावे लागत नाही.

चहाचा चोथा साखर-दूध धुऊन, कुजवूनच वापरावा. सुका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा न कुजवता मातीत मिसळल्यास तो कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र काही काळ स्वतःच वापरून टाकतात आणि खत घालूनही झाड पिवळेच राहते.